अप्पांनी न केलेला उपदेश

सलूचं जेवण हे आमच्या घरातलं दिवसातलं सगळ्यात मोठं काम होतं. सलू म्हणजे सलोमी, माझी धाकटी बहीण. आई मऊ भात आणि वरण हातानेच इतकं कालवायची की त्यात शीत म्हणून दिसायचं नाही. त्यावर तूप सोडायचं, आणि लहानशा चमच्याने एकेक घास भरवायचा. घास तोंडात गेला की वाट बघायची. सलूची जीभ तो कधी आत घ्यायची, कधी बाहेर ढकलायची. बाहेर आलेला घास आई परत चमच्यात घ्यायची आणि परत द्यायची, आणि तिच्या गळ्यावरून हलकेच बोट फिरवत राहायची, म्हणजे गिळायची आठवण व्हावी. घास खाली उतरला की म्हणायची, "शाब्बास." मी शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली असायची, अप्पा व्हरांड्यात आरामखुर्चीत, आणि ते "शाब्बास" ऐकत ऐकत आमची संध्याकाळ पुढे सरकायची. दोन शाब्बासांमध्ये फार वेळ गेला तर अप्पा तिथूनच हाक मारायचे, "लीला, काय झालं गं?" आई म्हणायची, "काही नाही अप्पा, आज तिला घाई नाही."

आम्ही बडोद्याच्या फत्तेगंजात राहत होतो, चर्चच्या मागच्या बैठ्या घरांच्या ओळीत. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. सकाळी मराठी उपासना व्हायची, ती संपली की गुजराती मंडळी आत यायची. दारात दोन्हीकडच्या बायका एकमेकींना "सलाम, केम छो" असं एका दमात म्हणायच्या. अप्पा, म्हणजे माझे आजोबा, तरुणपणी नगरकडून इथल्या मराठी मंडळीचे पाळक म्हणून आले आणि बडोद्याचेच होऊन गेले. मला कळायला लागलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि आजी गेलेली होती. पण कुणाच्या घरी मयत झालं, कुणाचं मूल दगावलं, की नव्या पाळकांच्या आधी लोक अप्पांना बोलवायचे. अप्पा जाऊन बसायचे, आणि देवाने हे दुःख का दिलं ते समजावून सांगायचे. ते त्यांचं खास काम समजलं जायचं. सोनं आगीतून काढल्याशिवाय शुद्ध होत नाही, हे ते सांगत. मुलाच्या भल्यासाठीच बाप त्याला कडू औषध पाजतो, हे सांगत. आपल्याला गालिच्याची उलटी बाजू दिसते, गाठी आणि दोरे दिसतात, सुलटी बाजू देवाला दिसते, हेही सांगत. आवाज भारदस्त, उच्चार स्वच्छ. रडणाऱ्या बायका डोळे पुसून माना हलवायच्या. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायची आणि मला वाटायचं, अप्पांना देवाच्या घरातलं सगळं माहीत आहे.

शाळेत माझ्या मैत्रिणी बहुतेक दांडिया बाजारातल्या, जुन्या संस्थानी नोकरदारांच्या घरच्या. त्यांच्याकडे गेलं की एखादी काकू हमखास विचारायची, "तुम्ही मराठी की ख्रिश्चन?" मी म्हणायची, "दोन्ही." मग त्या हसून सेव-उसळीची बशी पुढे करायच्या. त्या मैत्रिणींना मी बरीच वर्षं घरी आणलं नाही. कारण सलूचा आवाज.

सलू जन्मली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. नाळ गळ्याभोवती अडकली होती. मेंदूला वेळेवर प्राणवायू पोचला नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तेव्हा मात्र अप्पांनी तिला हातात घेतलं, प्रार्थना केली आणि नाव ठेवलं सलोमी. "सलोमी म्हणजे शांती," ते बाबांना म्हणाले. वर्ष होत आलं तरी ती बसेना, मान वळवून बघेना, तेव्हा आम्हाला कळलं. मग फिट यायला लागल्या. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचे हातपाय आखडायचे. कुणीतरी आतून दोरी ओढावी तशी ती पिरगाळली जायची, आणि मग तिच्या छातीतून तो आवाज निघायचा. ते नुसतं रडणं नव्हतं. खालच्या सुरात सुरू होणारा, हळूहळू चढत जाणारा एकच लांब "आ", श्वास संपेपर्यंत. मग परत. औषध होतं, त्याने कधी गुण यायचा, कधी नाही. एकदा तो आवाज चालू असताना बाबा जोड्याच्या नाड्या बांधता बांधता थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "शांती." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

शेजारी हंसाबेन होत्या, एकट्या राहायच्या, पापड-खाखरे करून द्यायच्या. सलूचं कळल्यावर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एना गया भवनुं हशे, बेन." म्हणजे मागच्या जन्मीचं काही असेल. त्या गेल्यावर अप्पा चिडले. "निष्पाप लेकरावर मागचा जन्म लादायचा? हे आपल्याला मान्य नाही." पण त्याच हंसाबेन दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी यायला लागल्या. सलूला मांडीवर घेऊन ओट्यावर बसायच्या, म्हणजे आईला नीट आंघोळ करता यावी, घटकाभर पडता यावं. कसलंसं भजन गुणगुणायच्या. वर्षानुवर्षं आल्या, आणि गया भव पुन्हा काढला नाही. अप्पांच्या सोन्यात आणि आगीत मला त्या वयात काही वावगं दिसत नव्हतं. आता वाटतं, दोघं एकच गोष्ट म्हणत होते. दोष कुठेतरी सलूतच आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

बाबा रेल्वेत नोकरीला होते. कमी बोलणारे, नीटनेटके, मंडळीच्या कामात पुढे. रविवारी दानाची थाळी घेऊन बाकांमधून फिरायचे. सलू पाच-सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. आईने त्या दिवशी हांडवा केला होता, त्याचा खमंग वास घरभर होता. सलूला दुपारपासून त्रास होत होता आणि आत्ता कुठे ती झोपली होती. बाबांनी ताटातला हात काढला आणि म्हणाले, "अप्पा, एक विचारू? हे का?"

अप्पांना प्रश्न लगेच कळला. ते सवयीने सरसावून बसले. "सुधाकर, कसोटीतून विश्वास..."

"कुणाचा विश्वास? तिचा? तिला तर पाणी मागता येत नाही."

"आपला, सुधाकर. आपल्या सगळ्यांचा."

"म्हणजे माझा विश्वास पक्का व्हावा म्हणून माझ्या पोरीला पिळायचं?" बाबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सोनं आगीत घालतात, अप्पा. बरोबर आहे. पण हिच्यातलं कसलं हीण काढायचंय? सांगा ना. तुम्ही सगळ्या गावाला सांगता."

अप्पांनी गालिच्याची उलटी बाजू काढली. बाबा ऐकून घेत राहिले, शेवटपर्यंत. मग उठून हात धुवायला गेले. ताटात हांडव्याचा तुकडा तसाच राहिला होता. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत बाबांनी डोळे मिटले नाहीत. मी मिटलेल्या डोळ्यांच्या फटीतून पाहिलं.

त्याच हिवाळ्यात गावात चंगाई सभा भरली. दक्षिणेकडून कुणी मोठे सुवार्तिक आले होते. मोठ्या मैदानावर मांडव, ट्यूबलाइटी, कर्णे; ते हिंदीत बोलायचे आणि एक भाई ते गुजरातीत सांगायचा. आंधळे बघायला लागले, लंगडे चालायला लागले, असं गावभर झालं होतं. आईने अप्पांना विचारलं, नेऊ का? अप्पा जरा घुटमळले, पण म्हणाले, "प्रभूचा हात आखूड नाही. ने." बाबा ड्यूटीवर होते. आई, मी आणि सलू रिक्षाने गेलो. रांग सरकत सरकत आमची पाळी आली. सुवार्तिकांनी सलूच्या कपाळावर हात ठेवला. मोठ्याने प्रार्थना केली, आज्ञा केली, घाम आला त्यांना. सलूने नेहमीप्रमाणे वर छताकडे पाहिलं. मांडवाला लावलेल्या पताका हलत होत्या, त्या तिला आवडल्या असाव्यात, कारण ती हसली. ती हसली म्हणजे एक गाल वर जायचा, बस्स. आईला वाटलं, झालं, सुरू झालं. तिने मला इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. पण पुढे काही झालं नाही. मागची रांग वाढत होती. सुवार्तिक आईकडे वळले आणि म्हणाले, "बहन, घर में कोई है जिसका विश्वास कमज़ोर है. पहले वह ठीक करो." आणि पुढच्या माणसाकडे गेले.

दुसऱ्या दिवसापासून आईने जेवण सोडलं. सलूला भरवायची, "शाब्बास" म्हणायची, आणि स्वतः पाण्यावर. कमजोर विश्वास आपलाच, असं तिने धरलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी ती चुलीपाशी चक्कर येऊन पडली तेव्हा बाबांनी माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग ते व्हरांड्यात गेले आणि अप्पांच्या समोर उभे राहिले.

"तुम्ही पाठवलंत?"

"मी... हो."

"कमजोर विश्वास माझा आहे," बाबा म्हणाले. "कमजोर कसला, राहिलाच नाही. तिला सांगा, उपास सोड. आणि मला यापुढे देवळात बोलवू नका."

अप्पांनी आईसाठी आपल्या हाताने पेज केली. खाली लागली होती, मीठही जास्त पडलं होतं. आई ती सगळी प्यायली. पण बाबा त्यानंतर देवळात गेले नाहीत. रविवारी आम्ही तयार होऊन निघायचो तेव्हा ते सलूला घेऊन बसायचे. अप्पा आणि बाबा एका छपराखाली राहत होते, एकमेकांना चहा देत होते, आणि त्यांच्यात दुसरं बोलणं नव्हतं. आई मधल्यामध्ये सुकत चालली होती. एकदा बाबा तिला म्हणाले, "आपण वेगळं घर बघू. गावाबाहेर समाकडे मिळतात." आई म्हणाली, "आणि अप्पा?" बाबा तरीही घर बघायला जायला लागले.

मग उत्तम शुक्रवार आला. आमच्याकडे त्या दिवशी भर दुपारी तीन तासांची उपासना असते. येशूने क्रुसावरून काढलेले सात उद्गार, त्या प्रत्येकावर एकेकाने बोलायचं. वेदी काळ्या कापडाने झाकलेली, फुलं नाहीत, घंटा नाही. बडोद्याचा एप्रिल, बाहेर कडुलिंबाखाली कुत्रीसुद्धा हलत नाहीत. बायकांच्या पांढऱ्या साड्या, हातातले पुठ्ठ्याचे पंखे, छताचे पंखे नुसतीच गरम हवा ढवळतायत. चौथा उद्गार नेहमी अप्पांचा असायचा, कारण तो सगळ्यात कठीण. त्यात येशू देवालाच विचारतो की तू मला का सोडलंस. दर वर्षी अप्पा त्यावर बोलायचे आणि लोक म्हणायचे, आता कळलं.

बाबांना त्या दिवशी सकाळची ड्यूटी होती. आई म्हणाली, मला आज जायचंच आहे, सलूला घेऊन जाऊ, मागच्या बाकावर बसू. आम्ही बसलो. तीन उद्गार नीट पार पडले. सलू आईच्या मांडीवर पेंगत होती, घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. अप्पा हळूहळू पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले. चष्मा पुसला. उताऱ्यातली ती ओळ वाचली, येशूचा तो प्रश्न, आणि दर वर्षीसारखे क्षणभर थांबले.

त्या क्षणात सलूचा आवाज आला.

खालून सुरू झाला आणि चढत गेला. आईच्या मांडीवर ती कमानीसारखी वाकली होती, मुठी वळलेल्या, डोळे उघडे. देवळाचं छत उंच. घरात तो आवाज भिंतींना धडकायचा, इथे तो वर गेला आणि तिथून सगळीकडे उतरला. पुढच्या बाकांवरची डोकी एकेक करून मागे वळली. मी लाजेने खाली बघत होते. मंडळीच्या पंचांपैकी एक गृहस्थ, बिचारे भले होते, पाय न वाजवता आमच्यापर्यंत आले आणि आईला म्हणाले, "ताई, जरा बाहेर..." आई उठली. सलूला खांद्यावर घ्यायला लागली.

"लीला, थांब."

अप्पा व्यासपीठावरून बोलले होते. "बाहेर नेऊ नकोस. बस."

आई उभीच राहिली. अप्पांनी समोरचा कागद घडी करून खिशात ठेवला. पायऱ्या उतरले. त्यांच्या गुडघ्यांत वात होता, कठडा धरून उतरले. मधल्या वाटेने चालत आमच्यापर्यंत आले, आणि सलूला आईकडून घेतलं. तिला घेऊन बाकावर बसणं त्यांना जमेना, ती इतकी ताठ झाली होती, म्हणून ते तिथेच वाटेत फरशीवर बसले. पांढरा झगा घातलेला म्हातारा आणि त्याच्या मांडीवर ती. तिने परत श्वास घेतला आणि परत तो आवाज.

अप्पांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. प्रार्थनाही केली नाही. ते ऐकत होते. मी एवढी वर्षं त्यांना बोलताना पाहिलं होतं, ऐकताना प्रथमच पाहत होते. आणि मग ते ऐकतायत म्हणून बाकीचेही ऐकायला लागले. हातातले पंखे थांबले. सगळी मंडळी, म्हातारेकोतारे, पोरं, सगळे माझ्या बहिणीचा आवाज ऐकत बसले, जो मी आजवर दारं-खिडक्या लावून लपवत आले होते. मला आधी कानकोंडं झालं. मग अंगावर काटा आला. कसं सांगू? वेदीवर काळं कापड होतं, व्यासपीठ रिकामं होतं, त्या रिकाम्या व्यासपीठावरून आत्ताच तो प्रश्न वाचला गेला होता, आणि तो प्रश्न आता सलू विचारत होती. शब्दांशिवाय. तिला शब्द येतच नव्हते. आणि मला एकाएकी असं वाटलं की हे दोन आवाज नाहीत. कुणीतरी तिच्याबरोबर ओरडतंय. तिच्या आतून, तिच्याइतकंच असह्य होऊन. भीती वाटली मला. देवळात मला पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली, आणि त्या भीतीत पळून जावंसं वाटत नव्हतं. गुडघे टेकावेसे वाटत होते.

किती वेळ गेला ठाऊक नाही. हळूहळू तिचं अंग सैल पडलं. आवाज बारीक झाला आणि थांबला. अप्पा फरशीवरूनच बोलले, व्यासपीठाचा आवाज नव्हता तो, घरातला होता.

"या उद्गारावर मी फार वर्षं बोलत आलो. एक गोष्ट मला आज दिसली. येशूने विचारलं, आणि त्या दुपारी देवाने त्याला काहीही उत्तर दिलं नाही." ते थांबले. सलूच्या कपाळावरचे केस मागे सारले. "देवाने स्वतःच्या लेकराला दिलं नाही ते मी तुमच्या घरोघर जाऊन वाटत होतो. तुम्ही ऐकून घेतलंत. माफ करा मला."

तेवढंच. मग त्यांना उठता येईना. दोघातिघांनी हात पुढे केला, पण त्यांच्याही आधी मागून कुणीतरी आलं आणि वाकून सलूला उचललं. बाबा होते. ड्यूटी संपवून स्कूटरने आम्हाला न्यायला आले होते आणि दारात उभे राहिले होते. कधीपासून, कुणास ठाऊक. एका हाताने सलू खांद्यावर, दुसरा हात त्यांनी अप्पांना दिला. अप्पा तो धरून उठले. बाबा सलूला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले आणि उरलेले तीन उद्गार होईपर्यंत तिथेच तिला घेऊन येरझारा घालत राहिले. त्यांच्या जोड्यांचा आवाज आत ऐकू येत होता.

ही हकीकत मी पुढे कधी कुणाला सांगितली की लोक खूश होऊन म्हणतात, "बघा, म्हणजे देवाचा हेतू हाच होता. तिच्यामुळे तुमच्या आजोबांचे डोळे उघडले." मला राग येतो. या वयातही येतो. एका म्हाताऱ्याचा उपदेश सुधारावा म्हणून एका पोरीला जन्मभर पिळायचं, असा देव असेल तर बाबांचंच बरोबर होतं. सलू आम्हाला काही शिकवायला जन्मली नव्हती. ती जगायला जन्मली होती, तुमच्या-माझ्यासारखी, आणि तिला फार दुखत होतं. ते का, हे मला आजही माहीत नाही. आपल्याला माहीत आहे असं जे म्हणतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही, चहा विचारते. मला फक्त एवढं ठाऊक आहे की त्या दुपारी ती एकटी नव्हती. हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. मी तिथे होते.

समाचं घर बाबांनी घेतलं नाही. विश्वास परत आला असंही ते कधी म्हणाले नाहीत. पण दर रविवारी ते सलूला घेऊन देवळाच्या व्हरांड्यात यायला लागले. आत यायचे नाहीत. दाराशी खुर्ची टाकून बसायचे, तिला मांडीवर घेऊन. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब भाकर घेऊन दारापर्यंत जायचे. बाबा मान हलवून स्वतःला नको म्हणायचे आणि बोटाने सलूकडे खूण करायचे. पाळकसाहेब द्राक्षरसात भिजवलेला कणभर तुकडा तिच्या जिभेवर ठेवायचे. नियमात ते बसतं की नाही, यावर एकदा पंचांच्या बैठकीत कुजबुज झाली म्हणे. अप्पा काठी टेकत बैठकीला गेले आणि कुजबुज बंद झाली. अप्पा अजूनही मयताच्या घरी जायचे. आता ते फक्त बसायचे. कुणी विचारलं, अप्पा, देवानं असं का केलं, तर म्हणायचे, "मला माहीत नाही, बाई. मी तुझ्याबरोबर विचारतो." आणि खरंच डोळे मिटून विचारायचे. पूर्वीपेक्षा जास्त घरांतून बोलावणी यायची. आई जेवायला लागली. दांडिया बाजारातल्या मैत्रिणींना मी घरी आणलं, आणि त्यातली एक सलूशी इतकी बोलायची की मला हेवा वाटायचा.

सलू बारा वर्षांची होती तेव्हा गेली. थंडीत छातीत कफ भरला, दवाखान्यात तीन-चार दिवस श्वासाशी झगडली आणि एका सकाळी, बाबांच्या कडेवर असताना, थांबली. घरी आणल्यावर आईने तिला आंघोळ घातली. हंसाबेन तिच्या पायाशी बसून राहिल्या, दुपारी नेहमी बसायच्या तशा. अप्पा त्या वेळी खूप थकले होते, ऐकू कमी यायचं, पण कबरस्तानात जायचा हट्ट त्यांनी धरला. आम्ही त्यांना खुर्चीत बसवून नेलं.

पेटी फार लहान नव्हती, पण बाबांनी ती माझ्या मामाशिवाय दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. एक टोक त्यांचं होतं, दुसरं मामाचं. पाळकसाहेबांनी दफनाची उपासना वाचली. मग ते थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि अप्पांना विचारलं, "आपण प्रार्थना करता?" अप्पांना ऐकू गेलं नसावं. ते कबरीकडे बघत होते. आणि त्या शांततेत बाबा बोलायला लागले. आधी मला कळलं नाही ते कुणाशी बोलतायत. डोळे उघडे होते, हात बाजूला, आवाज नेहमीचा, एखाद्या नव्या माणसाला काम सोपवताना असतो तसा.

"तिची मान सांभाळावी लागते," बाबा म्हणाले. "उचलताना आधी मानेखाली हात, मग कमरेखाली. घाई केली तर घाबरते. उजव्या कुशीवर झोपवू नकोस, तिला श्वास लागतो. आवाज यायला लागला तर गप्प करू नकोस. जवळ घे आणि थांब. आपोआप शांत होते." ते थोडे अडखळले. "इतकी वर्षं आम्ही केलं. आता तू कर."

मी आईचा हात धरला होता. मग खुर्चीतून अप्पांचा आवाज आला, म्हातारा, फाटका, पण स्वच्छ.

"आमेन."

आणि आई म्हणाली, मी म्हणाले, मागे उभ्या असलेल्या हंसाबेन म्हणाल्या, आणि सगळ्या मंडळीने म्हटलं, आमेन.